खांबावरचा कॅमेरा, पोलीस ठाण्यातला कॅमेरा

(दृश्य : जांभळी नाका, ठाणे. संध्याकाळची बाजाराची गर्दी.)

इथे गर्दीत एखाद्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र खेचलं जातं आणि मोटारसायकल तलावपाळीच्या दिशेनं पसार होते. पोलीस आधी नाक्यावरचं फुटेज बघतात. मग गाडी जिकडे वळली तिकडच्या दुकानांत, सोसायट्यांत जाऊन एकेक डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र, तपासतात.

(दृश्य : दुकानाचं गल्ल्यामागचं कपाट, डीव्हीआरचा पडदा.)

दुकानातल्या डीव्हीआरचं घड्याळ बरेचदा पुढेमागे असतं. म्हणून हवालदार मोबाईलवरची वेळ पडद्याशेजारी धरतो आणि किती मिनिटांचा फरक आहे ते टिपून घेतो. हा फरक लिहायचा राहिला, तर पाच मिनिटांनी भाजी घ्यायला आलेला माणूस चोरीच्या वेळी तिथे होता असं दिसू शकतं. शिवाय चित्रण कोर्टात टिकायला ते कोणत्या यंत्रातून, कसं घेतलं हे सांगणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

कॅमेरा हवाच. ज्या बाईचं मंगळसूत्र गेलं, तिच्यासमोर उभं राहून नको म्हणायची आमची तयारी नाही.

पण नाक्यावरून दिवसभरात जाणाऱ्या बाकी सगळ्यांचं काय? फिरणारा, झूम होणारा कॅमेरा नौपाड्यातल्या एखाद्या अरुंद रस्त्यावर बसवला, तर त्याला पहिल्या मजल्यावरची खिडकीही दिसते. तेवढा भाग काळा करायची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. तिला प्रायव्हसी मास्क म्हणतात. तो लावला आहे की नाही, हे त्या घरात राहणाऱ्यांना कोण सांगणार?

आता कॅमेऱ्याला चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेची जोड मिळते आहे. दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य असलं की चेहरा जुळला असं धरतात, हे २०२२ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. यात चुकून जुळलेल्या माणसाच्या दारात पोलीस येतात, आणि आपण तो नव्हेच हे सिद्ध करत बसायची वेळ त्याच्यावर येते.

(दृश्य : पोलीस ठाण्याचं प्रवेशद्वार, वर कॅमेरा.)

हा दुसरा कॅमेरा. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली अशा जागा नावानिशी सांगितल्या. चित्रण १८ महिने ठेवा, तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष, असंही बजावलं. ठाण्यात कॅमेरे आहेत आणि मानवी हक्क डावलले गेले तर चित्रण जपून ठेवायला लावण्याचा पीडिताला अधिकार आहे, असा फलक स्थानिक भाषेतही लावायचा आहे.

अंमलबजावणी रखडली, हे खरं. २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तरी नियम आहे, आणि तो दाखवून भांडता येतं.

रस्त्यावरच्या पोलिसी कॅमेऱ्यांसाठी असा वेगळा कायदा संसदेनं केलेला नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा गुन्ह्यांच्या तपासाला बऱ्याच तरतुदींतून सूट देतो. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, गरज हवी आणि गरजेपुरताच हात घालायला हवा, असं स्पष्ट केलं होतं. तो आधार अजून अपुरा आहे, असं आमचं ठाम मत आहे.

(दृश्य : टेबलावर मराठीत लिहिलेला अर्ज.)

तोवर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे. नाक्यावरचं चित्रण किती दिवस ठेवता? ते कोणत्या दर्जाचे अधिकारी बघू शकतात? कोणी बघितलं याची नोंद होते का? चेहरा ओळखणारी यंत्रणा जोडली आहे का? तपासात अडथळा येईल म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ खाली चित्रण नाकारता येतं. पण ते किती दिवस ठेवतात, हे सांगितल्यानं कुठलाही तपास अडत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं, तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे करायचं.