धुऱ्यापलीकडचं पाणी

सलाम मंडळी, रामराम, जय भीम. शेतात असाल नाहीतर चुलीपाशी, रेडिओचा आवाज जरा वाढवा, कारण आज मला एक गोष्ट सांगायची आहे जी मी कित्येक वर्षं सांगीन सांगीन म्हणत राहिले.

विषय दिलाय, ख्रिस्ती शिकवणुकीत शेजाऱ्यावर प्रेम करणं म्हणजे काय. ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर.’ पुष्कळांना वाटतं हे वाक्य येशूचं, आणि येशूनं ते म्हटलं हे खरंच, पण ते त्याच्याही फार आधीचं आहे, यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या मोशेच्या नियमशास्त्रातलं, लेवीय नावाच्या पुस्तकातल्या 19 व्या अध्यायातलं. आणि हा अध्याय तर शेतकऱ्यानं बसून वाचावा असा आहे. त्यात लिहिलंय की पीक कापताना शेताच्या पार कोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. सरवा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, आपल्या आज्या-मावश्यांनी गव्हाचा, हरभऱ्याचा सरवा वेचूनच लेकरं जगवली. त्याच अध्यायात पुढं लिहिलंय, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नका. आणि मग चारपाच ओळींनी येतं ते प्रेमाचं वाक्य. म्हणजे आधी सरवा, मग मजुरी, मग प्रेम, असा तो क्रम आहे.

इथं मला एक बोलायचंच आहे. कापूस वेचायला बाया येतात, दिवसभर पाठ वाकवून वेचतात, संध्याकाळी काट्यावर मोजून होतं आणि आपण म्हणतो पैसे बाजाराच्या दिवशी देऊ. काहून? तिच्या घरचं तेलमीठ बाजारच्या दिवसापर्यंत थांबतं का? मला हे अजिबात पटत नाही, आधीही पटलं नाही. ज्या दिवशीचा कापूस त्या दिवशीचे पैसे, बस.

बरं, तर वळते विषयाकडं. एक शास्त्री, म्हणजे नियमशास्त्र तोंडपाठ असलेला माणूस, येशूकडं आला आणि बोलता बोलता त्यानं विचारलं, हे सगळं ठीक, पण माझा शेजारी कोण? म्हणजे कुठपर्यंत? गल्ली संपते तिथपर्यंत का जात संपते तिथपर्यंत, ते एकदा सांगून टाका. तेव्हा येशूनं ती गोष्ट सांगितली जी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. यरुशलेमहून यरीहोला एक माणूस खाली चालला होता, आणि खाली म्हणजे खरोखर खाली, पंचवीस-तीस किलोमीटरच्या वाटेत हजार मीटरचा उतार आहे, आपण चिखलदऱ्याहून परतवाड्याला घाट उतरतो ना त्याच्याहूनही खोल, आणि सगळा ओसाड डोंगर. लुटारूंनी त्याला मारलं, कपडे काढून घेतले, अर्धमेला टाकून दिला. एक याजक, म्हणजे मंदिरातला पुजारी, आला, बघून पलीकडच्या बाजूनं निघून गेला. एक लेवी, म्हणजे मंदिरातला सेवेकरी, तोही तसाच गेला. मग आला एक शोमरोनी.

आता हा शोमरोनी कोण ते कळल्याशिवाय गोष्टीचा चटका बसत नाही. यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, देव कोणत्या डोंगरावर भजायचा इथपासून भांडण, एकमेकांशी व्यवहार नाही, एकमेकांचं भांडं नाही. आणि लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, ही गोष्ट 10 व्या अध्यायात आहे, पण त्याच्या अगदी आधीच्या, 9 व्या अध्यायात काय आहे, तर शोमरोन्यांच्या एका गावानं येशूलाच उतरू दिलं नाही. शिष्य म्हणाले आकाशातून अग्नी पाडून हे गाव जाळू का, तर येशूनं त्यांना दटावलं. आणि लगेच पुढच्या अध्यायात, ज्यांनी त्याला दारातून परत लावलं त्यांच्यातलाच एक माणूस त्यानं गोष्टीत चांगला करून दाखवला. त्या शोमरोन्याला कळवळा आला, असं आपल्या मराठी बायबलात आहे. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय, आपण म्हणतो ना आतडं तुटलं, तेच. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतरायच्या जागी, म्हणजे धर्मशाळेत, नेलं, रात्रभर सांभाळलं, सकाळी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची रोजी, मालकाच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, वर काही खर्च आला तर परत येताना देईन.

मग येशूनं शास्त्र्याला विचारलं, या तिघांतून त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? बघा, त्यानं विचारलं होतं माझा शेजारी कोण आहे, आणि येशू विचारतो शेजारी कोण झाला. पुन्हा सांगते, शेजारी कोण आहे नाही, शेजारी कोण झाला. आणि शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघाला नाही. तो म्हणाला, ‘ज्यानं त्याच्यावर दया केली तो.’ नाव घेणं जड गेलं त्याला, असं मला तरी नेहमी वाटत आलंय. हे नाव न घेणं लक्षात ठेवा, कारण आता मी आमच्या घरची गोष्ट सांगते.

आमचं गाव वरुडकडलं, संत्र्याचा भाग. आम्ही ख्रिस्ती, गावात आमची चारच घरं, पण बाबांची शेती आहे, साडेतीनशे संत्र्याची झाडं. आणि बाबांचा धुरेकरी, म्हणजे ज्याचा आणि आमचा धुरा, शेताचा बांध, एक, त्याच्याशी बाबांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. भांडण कशावरून, तर धुऱ्यावरून, दुसरं कशावरून असणार. मोजणीचा दगड सरकला का सरकवला, जेमतेम दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी जमीन, त्याच्यावरून आधी तोंडातोंडी, मग मोजणीवाले, मग वकील, मग तारखा. आणि हेच दोघं लहानपणी एका बैलबंडीत बसून यात्रेला जायचे. भांडण झाल्यापासून बाबांनी त्या काकांचं नाव घेणं सोडलं. घरात विषय निघाला तर ‘पलीकडचा’ म्हणायचे. पलीकडच्याची लाईन, म्हणजे वीज, चालू आहे, पलीकडच्याचा बैल आला. अकरा वर्षं नुसतं पलीकडचा.

2019 चा उन्हाळा आठवतो का, आमच्या भागातल्या कोणालाच तो विसरता येणार नाही, आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि वरुड-मोर्शीकडच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. आमच्या विहिरीचा तळ दिसला. बाबांनी उसने पैसे आणून बोअर मारला तर नुसता धुराळा निघाला. मी मे महिन्यात माहेरी गेले होते, बघितलं तर झाडांची पानं गुंडाळली गेलेली, आणि बाबा सकाळ-संध्याकाळ नुसते बागेत फिरून यायचे, जसं दवाखान्यात कोणी भरती असतं आणि आपण चकरा मारतो तसं. संत्र्याचं झाड फळावर यायला पाचसहा वर्षं लागतात मंडळी, ते वाळलं म्हणजे एका वर्षाचं पीक गेलं असं नसतं.

आणि एक दिवस मी धुऱ्याकडून येत होते तर ते काका पलीकडं उभे. मला म्हणाले, ‘पोरी, तुह्या बापाले सांग, माह्या बोअरले थोडं पाणी हाय. तीन रातीतली एक रात त्याले देतो. माहं भांडण त्याच्यासंग हाय, झाडायसंग नाही.’

मी घरी येऊन सांगितलं. बाबा जेवत होते, भाकर तशीच ठेवली. ‘मरून जाईन पण त्याचं पाणी नाही घेत.’ मी समजावलं, भाऊ बोलला, काही नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी रात्री आई, जी आयुष्यात बाबांना उलटून बोलली नाही, ती भांडी घासता घासता म्हणाली, ‘विहिरीवर येशूनं त्या शोमरोनी बाईले पाणी मांगतलं, स्वतः मांगतलं. तुमचा मोठेपणा त्याच्याहून मोठा हाय का?’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, योहानाच्या शुभवर्तमानात 4 थ्या अध्यायात आहे हे. भर दुपारी येशू थकून विहिरीवर बसला आणि शोमरोनी बाईला म्हणाला, मला प्यायला पाणी दे. ती बाईच चकित झाली, तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, माझ्या हातचं पाणी कसं मागता? आणि पाणी कोणाच्या हातचं, कोणत्या विहिरीचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको, याच पाण्यासाठी 1927 साली बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावं लागलं.

तर बाबा काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात शेतातली लाईन रात्रीची होती. साडेबारा-एकला बाबा उठले, बॅटरी घेतली आणि निघाले, मी चपला घालून मागं मागं. काका पलीकडं बसलेले. त्यांचा काळा पाईप धुऱ्यावरून आमच्याकडं टाकलेला, त्याच भांडणाच्या दोन तासांवरून. पण तो ड्रिपच्या लाईनीपर्यंत पोचत नव्हता, वीसेक फूट कमी पडत होता. काका काही बोलले नाहीत, बाबाही नाही. बाबा मागं फिरले, मला वाटलं झालं, आता घरी जातात. ते गोठ्यातून आपला पाईपचा तुकडा खांद्यावर घेऊन आले.

आता काळा पाईप जोडायचा म्हणजे टोक तापवावं लागतं, हे शेतकऱ्याला माहीत आहे, आणि ते एकट्यानं होत नाही. काकांनी पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, पेटवल्या. एकानं टोक जाळावर धरायचं, ते मऊ झालं की दुसऱ्यानं त्यात दुसरं टोक दाबून घुसवायचं, आणि गार होईस्तोवर दोघांनी घट्ट धरून बसायचं. तर ते दोघं म्हातारे रात्री एक वाजता धुऱ्यावर उकिडवे, एक पाईप चार हातांनी धरून, तोंडं एवढी जवळ की एकाचा श्वास दुसऱ्याला लागावा. मी बॅटरी धरून उभी. कोणी काही बोलत नव्हतं. मग काकांनी जाऊन मोटर टाकली.

पाणी आलं. आधी पाईपातून हवा फुसफुसली, मग ड्रिपच्या नळ्या टच्च झाल्या, आणि बाबा ओळीओळीनं वाकून बघत बघत पार खालच्या टोकाला गेले, अंधारात दिसेनासे झाले. काका मोटरपाशीच थांबलेले. आणि मग तिकडून, बागेच्या टोकाहून, बाबांची हाक आली. मोठ्यानं. नावानं. अकरा वर्षांत घरात कोणी न ऐकलेलं ते नाव, आणि तेही लहानपणचं, मोडकं, लाडाचं नाव, आणि पुढं, ‘पोचलं रे! शेवटच्या झाडाले पोचलं!’

आमची साठेक झाडं गेली, बाकी वाचली. हे मला नंतर कळलं की त्या तीन रातीतल्या एका रातीपायी काकांच्या मागच्या दोन ओळी वाळल्या. त्यांनी सांगितलं नाही, काकूंनी आईला सांगितलं. म्हणून म्हणते, शोमरोन्याचे दोन दिनार काही वरकड नव्हते, ते त्याच्या कमाईतून गेले होते.

वेळ कमी उरला आहे, तरी एवढं बोलते. शेजाऱ्यावर प्रेम म्हटलं की आपण नेहमी देणाऱ्याच्या जागी उभे राहतो. चर्चमध्येही तसंच शिकवतात, शोमरोन्यासारखे व्हा. मी म्हणते एकदा रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जागी जाऊन बघा, ज्याला वैऱ्याच्या हातचं तेल लावून घ्यावं लागलं, वैऱ्याच्या जनावरावर बसावं लागलं. पाणी देणं सोपं असतं, पाणी घेणं जड. पुन्हा सांगते, पाणी घेणं जड. आणि प्रेम म्हणजे आधी मनात माया दाटून यायला पाहिजे असंही नाही, बाबांच्या मनात त्या रात्री माया नव्हतीच, ते पाईप घेऊन आले एवढंच. माया मागून आली.

आता घराघराला कंपाउंड झालंय, लोखंडी गेट झालंय, विरजण संपलं तर पोरं दुकानातून दह्याची पिशवी आणतात, शेजारी वाटी घेऊन जात नाहीत. मला हे फार लागतं. वाटी मागायला जाणं हीसुद्धा एक ओढ असते. आणि काही माणसं तर शेजारी शोधत दूरवर जातात. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात तेव्हाच्या मध्य प्रांतात आल्या होत्या, उपाशी पोरीबाया शोधून शोधून आपल्यासोबत घेऊन गेल्या, आणि त्याच रमाबाईंनी पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. त्यांच्याबद्दल बोलायला एक वेगळा दिवस पाहिजे.

धुऱ्याची केस अजून निकाली निघालेली नाही, तुम्हाला वाटत असेल म्हणून सांगून ठेवते. कागद कोर्टात आहे, तारखा पडतात. तारखेच्या दिवशी दोघं एकाच एसटीनं जातात, आणि डबा आई एकच भरते, दोघांचा.