नॅथॅनिएल पामर : सीलच्या मागावर अंटार्क्टिकापर्यंत

नोव्हेंबर १८२० मध्ये 'हीरो' नावाची एका डोलकाठीची नौका अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण शेटलंड बेटांवरून आणखी दक्षिणेकडे निघाली, तेव्हा तिचा कप्तान नॅथॅनिएल पामर अवघा एकवीस वर्षांचा होता आणि नौकेची लांबी जेमतेम ४७ फूट होती. नवा खंड शोधण्याचा तिचा हेतू नव्हता. कनेक्टिकटमधील स्टोनिंग्टन बंदरातून आलेल्या ताफ्याला सीलचे नवे कळप हवे होते, आणि लहान नौका अडचणीच्या जागीही शिरू शकते म्हणून टेहळणीचे काम पामरकडे आले होते.

ही बेटे १८१९ मध्ये विल्यम स्मिथ या इंग्रज दर्यावर्दीला दिसली होती. तेथील किनारे फर सीलांनी भरलेले आहेत, ही बातमी फुटताच इंग्रज आणि अमेरिकन जहाजांची तिकडे रीघ लागली. माद्या आणि पिल्लेही न सोडता अशी कत्तल झाली की दोन-तीन हंगामांतच किनारे ओस पडले.

याच बेटांपैकी डिसेप्शन बेटावरून पुढे गेलेल्या पामरला बर्फाने गच्च भरलेली एक सामुद्रधुनी आणि पलीकडे जमीन दिसली. आत शिरणे शहाणपणाचे नाही, एवढीच त्याच्या नोंदवहीतली प्रतिक्रिया आहे. अंटार्क्टिका प्रथम पाहण्याचा मान मात्र त्याला देता येत नाही, कारण रशियाचा बेलिंग्सहाउझेन आणि ब्रिटनचा ब्रान्सफील्ड हे दोघेही त्याच वर्षाच्या जानेवारीत त्या खंडापर्यंत पोहोचले होते.

फेब्रुवारी १८२१ मध्ये पामर बेलिंग्सहाउझेनच्या जहाजावर गेला. त्या रशियन कप्तानाने भारावून जाऊन नव्या भूमीला पामरचे नाव दिले, अशी हकिकत अमेरिकेत पुढे रूढ झाली. पण खुद्द बेलिंग्सहाउझेनच्या वृत्तान्तात बोलणे आहे ते सीलांच्या शिकारीचे आणि त्यांच्या घटत्या संख्येचे, आणि तेच अधिक विश्वसनीय वाटते.

डिसेंबर १८२१ मध्ये पामर आणि ब्रिटिश कप्तान जॉर्ज पॉवेल यांनी मिळून दक्षिण ऑर्कनी बेटे शोधली. पुढे पामर चीनच्या व्यापारासाठी वेगवान क्लिपर जहाजांचे आराखडे करू लागला. १८४४ मधील 'हूक्वा' हे त्यांपैकीच एक होते. १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे निधन झाले.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाला अमेरिकन 'पामर लँड' म्हणत आणि ब्रिटिश 'ग्रॅहम लँड'. १९६४ च्या तडजोडीत दक्षिण भागाला पामरचे नाव मिळाले, तर त्याने प्रत्यक्ष पाहिलेला उत्तरेकडील किनारा ग्रॅहम लँडमध्ये गेला.