मागची सीट रिकामीच

नमस्कार मंडळी. रेडिओ लावलाय म्हणजे तुमच्यातले निम्मे तरी आत्ता गाडीत असणार, आणि गाडीत एकटेच असणार, कारण शेजारी कुणी असतं तर गप्पा चालू असत्या, माझं कशाला ऐकत बसला असतात. असू दे. सिग्नल सुटेपर्यंत ऐका.

आधी माझाच गुन्हा सांगते. परवा कोथिंबिरीची जुडी आणायला मी स्कूटर काढली. दुकान आमच्या सोसायटीच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे खरंच हाक मारली तर भाजीवाला वर बघतो. तरी काढली. हेल्मेट शोधायला, गाडी बाहेर घ्यायला आणि तिथं लावायला जागा बघायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात चालत दोनदा जाऊन आले असते. पण हात आपला किल्लीकडेच जातो, डोकं नंतर चालतं.

हे पुणं एके काळी सायकलींचं होतं हे आता सारखं सांगायलाही लाज वाटते. तेव्हा सायकलवर डबलसीट गेलं की पोलीसमामा धरायचे. आता बाइकवर कुणी डबलसीट दिसलं तर त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावासा वाटतो. २०१८ मध्ये आकडा आला होता, शहरात गाड्या साधारण ३६ लाख आणि माणसं ३५ लाख. म्हणजे घरातल्या तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांनी एकेक गाडी चालवायला घेतली तरी काही गाड्या उरणार!

आता महापालिकेनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, तो आपला पुणेरी छंद आहे पण खोटं कशाला बोला. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, बससाठी वेगळी लेन, त्या वेळी देशात पहिलीच. दुसऱ्या वर्षी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून पीएमपी झाली. १ नोव्हेंबर २०१२ ला 'सकाळ'नं पुढाकार घेऊन बस डे केला, त्या दिवशी एरवी कधी बसमध्ये न चढणारी माणसं पण चढली, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली उचलली. २०१७ च्या शेवटाला भाड्याच्या सायकली आल्या, रंगीबेरंगी, मोबाइलनं कुलूप उघडायचं, काही दिवस मजा वाटली आणि मग त्या दिसेनाशाच झाल्या. २०२१ ला 'पुण्यदशम', दहा रुपयांत दिवसभर पेठांमध्ये हिंडा. मला तर हे सगळ्यात आवडलं होतं, छोटी बस, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. त्याच वर्षीपासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन, रस्ता गाड्यांना बंद आणि लोक मधोमध चालतायत.

आता यातलं एक बघा. जे एका दिवसाचं होतं ते आपण झकास केलं. आणि जिथं कुणाचं तरी काहीतरी काढून घ्यायचं होतं तिथं पाय मागं घेतला. बससाठी लेन ठेवायची म्हणजे कारवाल्याची लेन कमी होणार, मग ओरडा सुरू, नगर रस्त्यावरची बीआरटी तर शेवटी उखडूनच टाकली. पार्किंगचं पण तेच. २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण आलं, रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे भरा, केवढा गदारोळ झाला, शेवटी महापालिकेच्या मुख्य सभेत पाच रस्त्यांवर प्रयोग करू असं ठरलं आणि तो प्रयोग पण बारगळला. अहो, माझी गाडी सार्वजनिक रस्त्यावर दिवसभर फुकट उभी राहते, ती जागा तुमच्या माझ्या सगळ्यांची, आणि बसनं जाणारी बाई मात्र तिकीट काढून जाते. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

लोक ऐकत नाहीत, पुणेकर हट्टी आहेत वगैरे मला पटत नाही. का ते सांगते. गणपतीतले दिवस आठवा. लक्ष्मी रोड, बाजीराव रोड, शिवाजी रोड संध्याकाळी बंद, गाडी लावायला जागा मिळेल ही आशा कुणालाच नसते. आणि आता सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत मेट्रो जाते, नदीखालून, मंडईला उतरलं की कसबा, तुळशीबाग, दगडूशेठ सगळं चालत गाठता येतं. विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालू ठेवली आणि तोबा गर्दी झाली, जी मंडळी एरवी दूध आणायला फॉर्च्युनर काढतात ती पण कडेवर पोर घेऊन जिन्यावर रांगेत उभी. कुणी भाषण दिलं नव्हतं, पोस्टर लावलं नव्हतं. गाडी नेणं अवघड होतं आणि दुसरं काहीतरी दर थोड्या मिनिटांनी येत होतं, बास, एवढंच. अनंत चतुर्दशी झाली की रस्ते उघडतात आणि आपण परत जागेवर.

माझा भाचा अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतो. तिथं मराठी पोरं ढिगानं, सगळी सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्याकडून एक गोष्ट कळली आणि मला ती फार हुशारीची वाटली. तिथल्या वॉशिंग्टन राज्यानं १९९१ मध्ये कायदा केला, की ज्या ऑफिसात सकाळी ६ ते ९ च्या दरम्यान १०० किंवा जास्त माणसं कामावर येतात त्या मालकानं एकट्यानं गाडी घेऊन येणाऱ्यांची संख्या कमी करायची योजना द्यायची, आणि लोक कसे येतात ते मोजून पण दाखवायचं. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला उपदेश नाही, प्रश्न थेट मालकाला. मग मालक बसचं कार्ड देतो, कारपूलवाल्याला जवळची पार्किंगची जागा देतो, येण्याच्या वेळा पुढंमागं करतो. सिअ‍ॅटलच्या डाउनटाउनमध्ये सकाळी एकट्यानं गाडी घेऊन येणारे २०१० ला शंभरात ३५ होते, २०१७ ला २५ वर आले, आणि मधल्या काळात तिथं नोकऱ्या भरमसाट वाढल्या होत्या बरं का. गाडी बंदी वगैरे काही नाही. फक्त गाडी काढणं फायद्याचं राहिलं नाही, तिथं पार्किंगचे पैसे ऐकूनच माणूस बसस्टॉपकडे वळतो.

हे ऐकल्यावर मला आपली आयटी कंपन्यांची हिंजवडी आठवली. तिथं हजारो लोक साधारण एकाच वेळी एकाच बाजूला निघतात, यापेक्षा सोपं गणित कुठल्या शहराला मिळणार? कुठून कोण येतंय हे प्रत्येक कंपनीच्या एचआरला पत्त्यासकट माहितीये. पण बावधनहून चौघं शेजारी चार गाड्यांत निघतात, एकाच लिफ्टमधून खाली येतात हो, आणि वाकडच्या पुलाखाली चौघं एकमेकांना हॉर्न मारतात. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो २३ किलोमीटरची, ती धावायला लागली तरी स्टेशनवरून ऑफिसच्या दारापर्यंत काय, आणि घरापासून स्टेशनपर्यंत काय, हा प्रश्न राहतोच. तो शेवटचा एक किलोमीटर आपल्याकडं फुटपाथवर अडतो, कारण फुटपाथवर आधीच कुणाची तरी गाडी लावलेली असते.

बायकांचं तर आणखी वेगळं. ऑफिस, मग क्लासवरून पोराला घ्या, मग सासूबाईंची औषधं, मग भाजी. चार ठिकाणी उतरायचं तर तिकिटं पण चार आणि वाट बघणं पण चार वेळा. ती स्कूटर काढते तर तिला नावं ठेवू नका. आधी दिवसभराच्या पासची किंमत नि संध्याकाळी स्टॉपवर दिवा आहे का ते बघा.

आता भाच्याचं राहिलंच. मागच्या डिसेंबरात आला होता. तिकडं रोज बसनं ऑफिसला जाणारा मुलगा, बसच्या पुढं सायकल कशी अडकवतात त्याचे व्हिडिओ मला पाठवणारा. एअरपोर्टवरून घरी आला, बॅग ठेवली, चहाचा पहिला घोट घेतला आणि विचारतो काय, "मावशी, स्कूटरची किल्ली कुठंय?"

म्हणलं, फ्रिजवर आहे. पण मागं मी बसणारे, मला मंडईत सोड.