पढवलेली साक्ष

(दृश्य : कंबोडियाची राजधानी नॉम पेन. नदीकाठचा रस्ता, दुचाक्यांची वर्दळ. संपूर्ण चित्रफितीत कोणत्याही मुलीचा चेहरा दिसणार नाही.)

१९९८ साल. फ्रान्सच्या सरकारी वाहिनीवर, फ्रान्स-२ वर, कंबोडियातली एक किशोरवयीन मुलगी बोलते आहे. कामाचं आमिष दाखवून आपल्याला राजधानीत कसं आणलं, कुंटणखान्यात कसं डांबलं आणि पुढे काय काय सोसावं लागलं, हे ती सांगते. फ्रान्समधल्या घराघरांत तो माहितीपट पाहिला गेला. पाहणाऱ्यांची झोप उडाली. मदतीचे हात पुढे आले.

पंधरा वर्षांनी, २०१३ मध्ये, हीच मुलगी पुन्हा बोलली. आता ती संसारी बाई होती. 'कंबोडिया डेली' या वृत्तपत्राच्या बातमीदारांना तिनं सांगितलं की ती गोष्ट तिची नव्हती. ती कुंटणखान्यात कधी गेलीच नव्हती. ताकेओ प्रांतातलं गरीब घर, सात मुलं, पोसायची कशी? म्हणून आईबापांनी तिला एका संस्थेच्या आश्रयाला पाठवलं होतं. कॅमेरा येणार म्हणून संस्थेत मुलींकडून तयारी करून घेतली गेली, त्यांतून तिची निवड झाली, आणि काय बोलायचं ते तिला पढवलं गेलं. तू नीट बोललीस तर दुसऱ्या बायकांना मदत मिळेल, असं तिला सांगितलं होतं.

तिचं नाव जगभर छापलं गेलं आहे. आम्ही ते घेणार नाही. तिनं जगाला फसवलं, असं म्हणायलाही आमची जीभ वळत नाही. ज्यांच्या छपराखाली राहायचं आणि ज्यांच्या ताटात जेवायचं, त्यांनी सांगितलेलं ती वयात येणारी पोर नाकारणार कशी?

(दृश्य : संस्थेच्या वार्षिक अहवालांची मुखपृष्ठं, पुरस्कार सोहळ्यांची छायाचित्रं.)

संस्थेचं नाव अफेसिप. १९९६ मध्ये सोमाली माम आणि त्यांचे फ्रेंच पती पिएर लेग्रो यांनी ती उभी केली. वेश्याव्यवसायात ढकललेल्या मुलींची सुटका, त्यांना आसरा, शिवणकामासारखं शिक्षण, असं तिचं काम. १९९८ मध्येच स्पेनचा मानाचा 'प्रिन्स ऑफ आस्टुरियास' पुरस्कार माम यांना मिळाला. लहानपणी आपल्यालाही विकलं गेलं, हे त्यांनी आत्मकथनात लिहिलं. २००७ मध्ये त्यांच्या नावानं अमेरिकेत प्रतिष्ठान निघालं. २००९ मध्ये 'टाइम'नं त्यांना जगातल्या शंभर प्रभावशाली व्यक्तींत बसवलं. राणी, मंत्री, हॉलिवूडच्या नट्या त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

मग आली दुसरी मुलगी, एक डोळा गेलेली. कुंटणखान्याच्या मालकिणीनं तो डोळा फोडला, अशी तिची कहाणी. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे स्तंभलेखक निकोलस क्रिस्टोफ यांनी २००९ मध्ये ती लिहिली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटातही ती दिसली. मे २०१४ मध्ये 'न्यूजवीक'मध्ये सायमन मार्क्स यांचा शोधलेख आला. त्यांनी तिचे आईवडील गाठले, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठला, रुग्णालयाची कागदपत्रं पाहिली. डोळा गाठीमुळे काढावा लागला होता. ती गाठ कर्करोगाची नव्हती, आणि मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती.

मार्क्स सोमाली माम यांच्या गावीही गेले. आईवडिलांसोबत राहणारी, शाळेत जाणारी मुलगी गावकऱ्यांना आठवत होती. आत्मकथनातल्या विक्रीच्या आणि छळाच्या कहाणीशी हे जुळत नव्हतं. त्याआधी, २०१२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर माम यांनी सांगितलं होतं की २००४ मध्ये नॉम पेनमधल्या एका हॉटेलवरच्या छाप्यानंतर आठ मुलींची हत्या झाली. ते विधान चुकीचं होतं, हे पुढे त्यांनाच कबूल करावं लागलं. २०१४ मध्ये प्रतिष्ठाननं वकिलांच्या एका कंपनीकडून चौकशी करवली आणि २८ मे रोजी माम यांनी राजीनामा दिला. आपण खोटं बोललो नाही, असं त्या पुढेही सांगत राहिल्या. प्रतिष्ठान त्याच वर्षी बंद पडलं.

(दृश्य : स्वाय पाकची वस्ती, दुरून.)

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कारण हे सगळं ऐकल्यावर 'म्हणजे सगळंच थोतांड' असं म्हणणारे लगेच पुढे येतात.

थोतांड नव्हतं. ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या चार वर्षांत, या देशातली लाखो माणसं मारली गेली, उपासमारीनं मेली. घरं मोडली. पुढे १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेसाठी वीस हजारांहून जास्त परदेशी सैनिक आणि कर्मचारी आले. त्यांच्या डॉलरांभोवती देहविक्रीचा बाजार फुगला. नॉम पेनच्या उत्तरेला अकरा किलोमीटरवर स्वाय पाक आहे. तिथे लहान मुली गिऱ्हाइकांपुढे उभ्या केल्या जात. अमेरिकी वाहिनीनं छुप्या कॅमेऱ्यानं टिपलेली तिथली दृश्यं २००४ मध्ये जगानं पाहिली. ती मुलं खरी होती. खऱ्या मुलींचा दुष्काळ नसताना बनावट कहाणी उभी का करावी लागली?

आमच्या मते याचं उत्तर माहितीपट बनवण्याच्या रीतीतच आहे, आणि ती रीत आम्हाला आतून माहीत आहे. चित्रीकरणाचं पथक परक्या देशात मोजक्या दिवसांसाठी येतं. भाषा येत नाही. मुली कुठे भेटतील हे ठाऊक नसतं, मग संस्थेकडे जातात. मुलगी संस्था निवडते, जागा संस्था देते, अनेकदा दुभाषीही संस्थेचाच माणूस असतो. मुलगी बोलत असताना तिची ताई, तिची अधीक्षिका कॅमेऱ्याच्या मागे उभी असते. आणि पथकाला हवी असते सलग, स्पष्ट, आरंभ-शेवट असलेली कहाणी. खरोखर सोसलेलं मूल असं बोलत नाही. ते तारखा विसरतं, मध्येच गप्प होतं, भलत्याच गोष्टीवर हसतं, विकणाऱ्या मावशीबद्दल मायेनं बोलतं. संकलनाच्या टेबलावर ते मूल कापलं जातं. ठरवून कोणी खोटं दाखवायला निघालेलं नसतं, तरी घासून पुसून बोलणारी मुलगीच पडद्यावर उरते. तिच्या बोलण्यावर देणग्या येतात, म्हणून पुढच्या पथकालाही तशीच मुलगी दिली जाते.

वडिलांना सात पोरं पोसता आली नाहीत म्हणून मुलगी आश्रमात आली, ही तिची खरी गोष्टही दाखवण्याजोगी होती. दलाल याच घरांच्या दारात येतात. पण त्या गोष्टीला कोणी कॅमेरा लावला नाही.

आकड्यांचंही असंच झालं. कंबोडियात देहविक्रीत जबरदस्तीनं ढकललेल्यांची संख्या हजारोंनी सांगितली जायची. मायामी विद्यापीठाचे टॉमस स्टाइनफॅट यांनी २००८ च्या पाहणीत ठिकठिकाणच्या अड्ड्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांचा अंदाज हजाराच्या आसपास आला. हजार मुली-बायका हा आकडा कोणाला लहान वाटत असेल, तर तो दोष ऐकणाऱ्याच्या सवयीचा आहे. त्याच वर्षी देशात मानवी व्यापाराविरुद्ध कडक कायदा झाला. तो बायकांच्या रक्षणासाठी होता, पण पोलिसांनी रस्त्यावरच्या वेश्यांचीच धरपकड केली. त्यांना मारहाण झाली, कोंडून ठेवलं गेलं. ह्यूमन राइट्स वॉचनं २०१० मध्ये हे तपशिलात नोंदवलं.

(दृश्य : कामाठीपुरा, रिकामी गल्ली, पहाट.)

हे आपल्यापासून लांब नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत कामाठीपुऱ्यावर छापे पडले. चारशेहून अधिक मुली आणि बायका बाहेर काढल्या गेल्या, त्यांत नेपाळी मुली खूप होत्या. छापा चित्रित करता येतो. पुढचे महिने चित्रित होत नाहीत : सुधारगृहांतली गर्दी, आजार, आणि मुलींना परत घ्यायला तयार नसलेलं त्यांचंच सरकार. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी त्यांतल्या शंभरावर मुलींना मायदेशी नेलं.

आज आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आहे, २०१२ चा. त्याचं कलम २३ सांगतं की पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही माध्यमांनी उघड करायचं नाही. कलम ३३ नुसार आरोपीचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही. तो आपले प्रश्न न्यायाधीशांकडे देतो आणि न्यायाधीश ते विचारतात. मुलाला कितीही जपलं, तरी बचाव पक्षाचा एक आक्षेप ठरलेला असतो : ही साक्ष पढवलेली आहे. मग मुलाला विचारलं जातं, हे सांगायला तुला कोणी शिकवलं का? खऱ्या मुलीला तेव्हा एकटीनं 'नाही' म्हणायचं असतं. आणि समोर बसलेल्यांनी तिच्यावर विश्वास ठेवायचा असतो.