दीडशे अधिक दीडशे

कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीतल्या फेटलिंग खात्यात, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथे, ग्राइंडर सुरू झाले की आधी ठिणग्याच डोळ्यांत भरतात. ठिणग्या सोडा. त्यांच्या मागे, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ बघा. साच्यातली वाळू कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, चिकटून येते आणि इथे भुकटी होऊन उडते. उद्यमनगरात ऑइल इंजिनांची कास्टिंग ओतली जायची, तेव्हापासून या शहराला ही वाळू ठाऊक आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या तिच्या कणांनी सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि एकदा निबर झालेलं फुप्फुस पुन्हा पूर्ववत होत नाही.

म्हणून धूळ ओढून घेणारं हे तोंड, म्हणजे हूड, आणि हूडमागचा हवेचा पाइप, म्हणजे डक्ट.

मिस्त्रींच्या हातातली उदबत्ती बघा. हूडच्या तोंडाशी धूर सरळ आत जातोय. तोंडाच्या व्यासाइतकं मागे सरकलं, की हवेचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. धूर लगेच भलतीकडे वळला.

हा जुन्या लाइनचा कापलेला तुकडा. निम्मा पाइप वाळूनं भरलाय. हवा ओढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, चांगला होता, चूक बेरजेत होती. दोन ग्राइंडरचे 150 मिलिमीटरचे दोन पाइप एकत्र आले, म्हणून पुढे मेन पाइप 300 चा टाकला. ऐकायला बरोबर वाटतं. पण व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि हवा आली फक्त दुप्पट. सेकंदाला 20 मीटर वेगानं धावणारी हवा इथे 10 वर आली आणि तिनं वाळू खाली टाकली.

आता फरशीवरचा खडू. 150 च्या पाइपचं क्षेत्रफळ 0.0177 चौरस मीटर. गुणिले 20. सेकंदाला 0.35 घनमीटर हवा. दोन पाइपांची मिळून 0.7. तिला पुन्हा 20 नं भागलं, की मेनचं क्षेत्रफळ येतं, आणि त्यावरून व्यास साधारण 212. मिस्त्रींनी 210 घेतला, कारण धुळीच्या लाइनला वेग किंचित वाढला तर चालतो, कमी पडला तर नाही. मग आणखी बारीक का नको? तीच हवा निम्म्या व्यासातून न्यायची तर घर्षण सुमारे 32 पट होतं आणि मोटर नुसती वीज खात बसते. हॉटेल-ऑफिसातल्या एसीच्या डक्टमध्ये आवाज नको म्हणून हवा सावकाश नेतात. तिथला अंदाज इथे लावू नये.

210 चा पाइप म्हणजे 660 मिलिमीटर पत्रा, सांध्याचा वेगळा. रोलिंग मशीनमधून तो कसा गोल होत येतो, बघत राहावं. बेंड मात्र काटकोनात नाही. पाच तुकडे जोडून ऐसपैस वळण दिलंय, त्रिज्या व्यासाच्या दुप्पट. बाहेरच्या अंगाला जाड पत्रा, कारण वाळू तिथेच घासते. दोन्ही ब्रँच मेनला 30 अंशांत तिरप्या मिळतात.

शेवटी पाइपला बारीक भोक पाडून पिटो नळी, म्हणजे हवेचा वेग मोजायची नळी, आत सरकवली. तिला जोडलेल्या मॅनोमीटरमधलं, म्हणजे दाब दाखवणाऱ्या नळीतलं, पाणी चढतंय. 20... 23... 25 मिलिमीटर. म्हणजे सेकंदाला 20 मीटर.

मिस्त्री भोकाला बूच लावतात. ग्राइंडर पुन्हा चालू होतो. तिरीप तीच आहे, धूळ नाही.