तात्यांना कोण विचारणार?

हे संगम माहुली. साताऱ्यातनं निघालं की थोड्या वेळात गाडी इथं पोचते, कृष्णा आणि वेण्णा इथं एकत्र येतात, सकाळी लवकर आलात तर घाटावर धुण्याचा आवाज आणि पोरांच्या उड्या, बाकी सगळं निवांत. रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलीय, १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर सांगितलं, याला देहांत प्रायश्चित्त. पण ते खात होते त्याच दरबाराचं मीठ, हे आपण गडबडीत विसरतो. बाहेरचा कुणी येऊन बोलला नव्हता, घरातलाच माणूस बोलला आणि पद सोडून चालता झाला.

आता नदीच्या कडेनं खाली, कराडजवळ. टेंभू. हे नाव घेतलं की आजकाल पाणीच आठवतं, टेंभू उपसा सिंचन योजना, इथनं कृष्णेचं पाणी मोटारींनी टप्प्याटप्प्यानं वर चढवत पार आटपाडीपर्यंत नेलंय. तेपण आपोआप नाही गेलं. ९० च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख असली माणसं आटपाडीला पाणी परिषदा घ्यायची, आणि दुष्काळी भागातले लोक ट्रकात बसून यायचे ते आमच्या वाट्याचं पाणी कुठंय एवढंच विचारायला.

याच टेंभूत १८५६ ला गोपाळ गणेश आगरकर जन्मले. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर लिहिलं म्हणून १८८२ ला टिळक आणि ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, सुटल्यावर लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढं त्यांनी बालविवाह, केशवपन यावर आपल्याच लोकांना धारेवर धरलं, तर त्याच पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दरबाराला विचारलं तर हार आणि शेजाऱ्याला विचारलं तर तिरडी, असा आपला हिशोब.

चला आता आमच्या गावात. नाव राहू दे, सांगली जिल्ह्यात आहे एवढं पुरे.

हा सिमेंटचा रस्ता बघा. एका पावसाळ्यात खडी वर आली. मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि अगदी तावातावात लिहिलं, रस्ता इतक्या लवकर का उखडला? ३० दिवसांच्या आत उत्तर आलं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. लय डोकं फिरलं. मग एका जाणत्या माणसानं समजावलं की बाबा २००५ चा हा कायदा कागदावर आहे ते देतो, ‘का’ फायलीत नसतो, तू अंदाजपत्रक माग, बिलं माग, एमबी माग. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, कुठं किती लांब, किती रुंद, किती जाड काम झालं ते इंजिनिअर त्यात लिहितो आणि त्यावरच बिल निघतं. पानाला २ रुपये भरून झेरॉक्स मिळाली. एमबीत जाडी सहा इंच. आम्ही तुटलेल्या कडेला टेप लावला तर चारलाही कमी.

आता ‘का’ विचारायची जागा एकच उरली, ग्रामसभा. वर्षातनं किमान ४ घ्याव्या लागतात, कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! त्यामुळं आमच्याकडं पहिली सभा तहकूब व्हायसाठीच घेतात की काय असं वाटतं, दुसरीला दहा-बारा जण, आणि रजिस्टर मग घरोघरी सह्यांना फिरतं. मीपण केलीय सही, पायरीवर बसून चहा पीत, न वाचता.

आणि खरी अडचण पुढंच आहे. सरपंच म्हणजे आमचे तात्या, वडलांचे चुलतभाऊ. आईला साप चावला तेव्हा रात्री दोन वाजता स्वतःची गाडी काढून सांगलीला नेलं होतं त्यांनी. कलेक्टरला पत्र लिहायला मला काय वाटलं नसतं, पण तात्यांसमोर एमबीची झेरॉक्स घेऊन उभं राहायचं म्हणजे आदल्या रात्री झोप नाही. आई तर म्हणाली, त्या दिवशी गाडी आली नसती तर आज मी असती का, आणि तू चाललास टेप घेऊन.

तरी गेलो. उभा राहिलो, सहा इंच आणि चार इंच सांगितलं, आवाज कापत होता. तात्या चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, बस खाली, संध्याकाळी घरी ये, निवांत सांगतो.

मी बसणारच होतो. मागनं एक म्हातारी, बचत गटातल्या बायकांबरोबर आलेली, म्हणाली, “घरी कशाला रं? हितंच सांग की, आमालाबी ऐकायचंय.”

सगळे गप्प. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, पेन हातात धरून तात्यांकडं बघत होते. मग हळूच विचारलं, “हे प्रोसिडिंगला घ्यायचं का?”