गोंतोरची घंटा

घंटा झाली, की पोरं पळत सुटतात. चालत गेलं तर उशीर, आणि उशीर झाला तर शिक्षा.

इंडोनेशियात, पूर्व जावामधल्या पोनोरोगोजवळचं हे गोंतोर. अहमद सहल, झैनुद्दीन फनानी आणि इमाम झरकशी या तीन सख्ख्या भावांनी १९२६ मध्ये इथे निवासी मदरसा पुन्हा उभा केला. १९३६ मध्ये झरकशींनी शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम आणला. धर्मविद्या शंभर टक्के आणि बाकीच्या विद्याही शंभर टक्के, असा त्यांचा हिशेब. बेरीज दोनशे होते, तर होऊ दे! वर्गात लुंगीऐवजी पँट आणि टाय. मौलवी आणि टाय? जुन्या वळणाच्या लोकांना ते रुचलं नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी ‘बहुविध बुद्धिमत्ता’ मांडली ती १९८३ मध्ये. भाषेची बुद्धी वेगळी, शरीराची वेगळी, माणसं ओळखण्याची वेगळी. या सिद्धांताला भक्कम पुरावा नाही, असं बरेच मानसशास्त्रज्ञ म्हणतात. गोंतोरनं तर तो यायच्या कितीतरी आधी मुलांचा दिवसच तसा बांधला होता.

आठवड्यातून तीनदा भाषणाचा सराव. अरबीत, इंग्रजीत, इंडोनेशियनमध्ये. बोलताना पाय लटपटतात, शब्द अडतो, समोरची पोरं हसतात. तरी पुढच्या वेळी पुन्हा उभं राहायचंच. दुकान मुलंच चालवतात, हिशेबही तीच ठेवतात. स्काउटच्या तंबूपासून बँडपर्यंत सगळीकडे तीच. शेवटच्या वर्षाची मुलं मोठा रंगमंच उभारतात. फळीला खिळा ठोकणारा, दिवे लावणारा, गाणारा, सगळे विद्यार्थीच. परीक्षेत मागे पडणारा एखादा इथे अख्ख्या तुकडीला कामाला लावतो.

पण धाकट्यांवर थोरल्यांची सत्ता, हेही याच रचनेत आलं. २०२२ मध्ये थोरल्या विद्यार्थ्यांच्या मारहाणीत इथल्या एका मुलाचा जीव गेला. मारहाण झाल्याचं संस्थेनं मान्य केलं, पण आईनं जाहीरपणे दाद मागितल्यावर. जबाबदारी मुलांच्या हाती सोपवताना त्यांच्यावर नजर कोणाची, हा प्रश्न गोंतोरला टाळता येणार नाही.

अभ्यासक्रमाच्या सहाव्या वर्षी प्रत्येकाला धाकट्यांच्या वर्गावर एक पाठ घ्यावा लागतो. आज एकाची पाळी आहे. फळ्यावर त्यानं अरबी शब्द लिहिला. मागे बसलेल्या त्याच्याच वर्गमित्रांच्या हातात वह्या आहेत. तो कुठे चुकतोय, ते टिपून घ्यायला.